दोघींच्या हातावर स्टार

आमची बालवाडी शिक्षिकांची संघटना बालाघाट जिल्ह्यात कशी वाढली, हे मले लोकं अजून विचारतात. वाढली म्हणजे काय, निवडणूक झाली. जिल्हा अध्यक्ष व्हायले वारासिवनीच्या शकुनताई आन् किरनापूरच्या मंदाताई उभ्या होत्या. हात वर करून मतदान झालं. मंदाताई दोन मतांनं हरल्या आन् त्यायच्या डोळ्यात पाणी आलं.

आमच्या निर्मलाबाईचा सारा जलम बालवाडीत गेला. रडणारं लेकरू त्यायले पाहावत नाही. त्या उठल्या, "दोघीही पहिल्या" म्हणाल्या आन् लाल पेनानं दोघींच्या हातावर स्टार काढला. आम्ही सगळ्यायनं सवयीनं टाळ्या वाजवल्या.

भोपाळहून आलेले निरीक्षक मले म्हणे, "मॅडम, अध्यक्ष कौन है?"

"सर, जिसके हाथ पे स्टार है."

"स्टार तो दोनों के हाथ पे है."

"हौ."

दोन अध्यक्ष म्हणजे दोन शाखा, असा त्यायनं हिशोब केला. मग एका शाखेच्या दोन शाखा लिहून घेतल्या.

महिन्याभरानं भोपाळहून पत्र आलं. शाखा वाढवण्यात बालाघाट राज्यात पहिला, तुमची पद्धत बाकीच्या जिल्ह्यांनाही कळवा.

निर्मलाबाईनं भोपाळले पोस्टानं लाल पेनांचा डब्बा पाठवला.