दंताळं कुलपाच्या दारावर

ऐका रं, जवळ सरका. अन् कडंला बसलेल्यांनी पाय आत घ्या. कुणी धरला तर मला म्हणू नका.

गावचं सांडपाणी वढ्याला जायच्या आधी त्या दोन हौदांत निवळतं, मग कर्दळीच्या वाफ्यातनं जातं, ठाऊक हाय ना? हौदाच्या तोंडाला जाळी हाय. तिच्यातला कचरा वढायचं दंताळं घरोघर फिरतं. ज्याच्या दाराला दंताळं, त्या आठवड्याला त्याची पाळी. सरकारनं बांधून दिलं, पण राखतो आपण. हे केरबाला पटायचं न्हाई. ज्यानं बांधलं त्यानं निस्तरावं, असं त्याचं म्हणणं. बरं, म्हणून गप बसला? छ्या! दंताळं दाराला आलं तसं अंधारात नेऊन शेजारच्या भिवा तात्याच्या दाराला अडकवलं. अन् तात्या मरून वरीस झालेलं, दाराला कुलूप! पाळी तिथंच अडली. तीन आठवडे कुणी जाळीकडं बघितलं न्हाई.

अशात केरबाची लेक घरी बाळंत झाली. नात झाली. फोन लावायचा सोडून गडी म्हणाला, व्याह्यांच्या हातावर साखर मीच ठेवणार. दिवेलागणीनंतर व्याह्यांच्या गावाला निघाला. हौदाची वाट जवळची पडती ना!

तर ऐका. कर्दळीत सळसळ झाली. कुत्रं असंल म्हणून पुढं गेला. मग खर्र... खर्र... लोखंड दगडावर घासल्यागत. कुणीतरी जाळी वढतंय. केरबाला बरंच वाटलं बघा, आपलं काम परभारे झालं. चालला, चालला, अन् फिरून हौदापाशीच! पुन्हा चालला, पुन्हा हौद. तिसऱ्यांदा पाय पडला तो पाण्यात. काळं, गार पाणी. हौद तुंबून वाटंवर आलेला. अन् ते पाणी सरकत होतं पिण्याच्या विहिरीकडं. तेच पाणी त्याची बाळंतीण लेक पीत होती.

जाळीपाशी पाठमोरा माणूस. हातात दंताळं. वढतोय, वढतोय, पण दाते कचऱ्यातनं आरपार जातात, काडी हलत न्हाई. मग तो वळला. भिवा तात्या!

"पाळी दिलीस, आलो," तात्या म्हणाला. "पण मेल्याच्या हातनं कचरा निघत न्हाई, केरबा. जाळी माझी झाली. आता विहीर माझी. तिचं पाणी जो पिईल, तो बी माझा."

केरबा म्हणाला, उद्या ग्रामसेवकाला सांगतो. पाणी गुडघ्याला आलं. म्हणाला, वर अर्ज देतो. पाणी कंबरेला आलं. विहिरीचा कठडा बुडायला वीतभर राहिलेलं. तेवढ्यात वस्तीकडनं तान्ह्या पोरीचं रडणं आलं, बारीक. केरबानं साखरेची पुडी सोडली अन् दोन्ही हातांनी दंताळं धरलं.

"आण इकडं, तात्या. पाळी माझी हाय. मीच चुकवली."

तात्या सोडंना. केरबानं जीव खाऊन हिसडा मारला, दंताळं जाळीत रुतवलं अन् वढलं. पहिलं काय निघालं असंल? त्याच्याच गोठ्यातलं पेंडीचं पोतं! मग चिंध्या, प्लास्टिक, केसांचे गुंते. घुडुक घुडुक झालं अन् पाणी उतरलं. वळून बघतो तर तात्या न्हाई.

पहाटे बायको घागर घेऊन आली, तर गडी चिखलात बसून अजून जाळी घासतोय. तिनं विचारलं, साखर पोचली का? ह्यो म्हणतो, तू बिनघोर पाणी भर, साखर दुसरी आणू. हसा, हसा.

तवापासनं हौद कधी तुंबला न्हाई. त्या वाटंनं रात्री खुशाल जा, मी बी जातो. फक्त दंताळं घेऊन कुलपाच्या दाराची वाट धरू नका. आपण टाकलेली पाळी घ्यायला आत कुणीतरी जागंच असतं.