महाराजांची काही हरकत नाही

...एक वाक्य हो! दोन अंकी नाटक, आणि माझ्या वाट्याला एक वाक्य! पडदे ओढणारासुद्धा माझ्यापेक्षा जास्त बोलतो, निदान "सरका, सरका" तरी म्हणतो. आणि मी कोण? राजा मी! स्वतंत्र देशाचा!

हसू नका. तुम्हाला सांगतो, सगळं त्या इराकच्या युद्धामुळे झालं. आठवतंय ना, दोन हजार तीन साली टीव्ही लावला की तेच! अमेरिका रोज कुठल्यातरी चिमुकल्या देशाला पुढे करायची आणि म्हणायची, बघा, हाही आमच्या बाजूने, स्वखुशीने आलाय. ते बघून आमच्या गौरांगला नाटक सुचलं. गौरांग म्हणजे इंदिरानगरात बारावीचे क्लास घेतो तो. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, आणि सगळ्यात भारी भूमिका कुणाची? त्याचीच! लिहितानाच स्वतःच्या मापाची शिवली हो त्याने!

तर नाटक असं. पहिलं महायुद्ध पेटलंय, इंग्रजांना माणसं कमी पडतायत. हिंदुस्थानच्या वर डोंगरात एक छोटंसं राज्य, मेरुगड. कागदोपत्री एकदम स्वतंत्र! तिथे इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा वकील, येतो, तो गौरांग, आणि काय गोड बोलतो मेला! मला पदक लावतो, माझ्या सलामीच्या तोफा वाढवतो, मग हळूच म्हणतो, "महाराज, आम्हाला पाच हजार जवान हवेत. अर्थात आपण स्वतंत्र आहात, निर्णय सर्वस्वी आपला. आगगाडी गुरुवारी सुटेल." आणि जाता जाता, "यंदा खिंड लवकर बंद होईलसं दिसतं. आपल्याकडे मीठ त्याच खिंडीतून येतं, नाही का?"

आणि यावर मी काय म्हणायचं? "आमची काही हरकत नाही." बस्स! संपलं! पाच हजार पोरं गेली आणि राजाची काही हरकत नाही! राजा मी! स्वतंत्र देशाचा!

मी म्हटलं, "गौरांग, अरे आणखी एखादं वाक्य दे की." तर म्हणतो, "किशोर, तुझी ताकद तुझ्या मौनात आहे." मौनात! मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसतो हो, दिवसभर लोकांना नाही म्हणायचा मला पगार मिळतो, आणि संध्याकाळी तालमीला येऊन हो म्हणायचं?

त्यात आमचे दिवाण. बाळाजी गुरुजी! पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करतात, त्यामुळे आवाज खणखणीत. पण नाटकातसुद्धा माझ्याकडे यजमान असल्यासारखंच बघायचे. "महाराज, होय म्हणावं... हं... आता उजव्या हाताने पाणी सोडावं..." अहो गुरुजी, राज्य सोडतोय मी, पाणी काय!

पण खरा घोळ केला बुधाने. बुधा आमच्या ऑफिसात शिपाई, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा. त्याला सैनिकाचं काम. घोंगडी खांद्यावर टाकून मुकाट्याने चालत जायचं, एवढंच. एकदा तालीम संपल्यावर चहा पिताना मला म्हणाला, "सायेब, आमच्या पाड्यावर बी असाच टरक येतो. द्राक्षाच्या कामाला. मुकादम गोड बोलतो, उचल देतो, आन् सगळा पाडा टरकात. मानसं नाय म्हनतच नाय. तुमी तर राजा. तुमी म्हना ना एकडाव."

झालं! डोक्यात भुंगा! घरी तृप्तीला सांगितलं, तर बायको म्हणते, "नाटकात तरी म्हण बाबा, घरी कुठे जमतंय तुला!"

आला नाट्यस्पर्धेचा प्रयोग. हॉल गच्च. गौरांगच्या एन्ट्रीला टाळी, हॅटला टाळी, छडीला टाळी! माझ्या छातीवर पदक लावताना त्याची पिन खचकन टोचली, तरी मी गप्प. मग मीठ आलं, खिंड आली, गुरुवारची आगगाडी आली. सगळे माझ्याकडे बघतायत. मी बुधाकडे बघितलं. घोंगडी घेऊन उभा होता, आणि तुम्हाला सांगतो, त्याचे डोळे खरंच भरले होते. मी ताडकन उठलो.

"आमची हरकत आहे!"

"आमची माणसं आम्ही देणार नाही! तुमची आगगाडी रिकामी न्या! आणि मीठ? अळणी खाऊ!"

काय टाळी पडली! वरून कुणीतरी ओरडलं, "वा रे पठ्ठे!" जन्मात पहिल्यांदा वाटलं, हां! राजा मी! स्वतंत्र देशाचा!

आणि गौरांग? एक सुरकुती नाही चेहऱ्यावर! मंद हसला आणि दिवाणांकडे वळला. "दिवाणसाहेब, महाराजांना ताप आहे का?"

मला वाटलं आता गुरुजी गडबडणार. कसले गडबडतात! पापणी न लववता म्हणाले, "परवापासून आहे, साहेब. उतरतच नाही."

"अरेरे! मग करारावर शिक्का?"

"मी उठवतो ना!" म्हणाले, कनवटीची सुपारीची डबी काढली आणि ठप्पकन कागदावर आपटली! सुपारीच्या डबीत गेलं हो माझं राज्य!

मी ओरडतोय, "मला ताप नाही! हात लावून बघा!" तर लोक खदाखदा हसतायत. कुणीतरी माझ्या बखोटीला धरलं. "चला म्हाराज, पडा जरा." बघतो तर बुधा! ज्याच्यासाठी मी उठलो तोच मला उचलून नेतोय! विंगेत गेल्यावर म्हटलं, "बुधा, अरे तू?" मान खाली घालून म्हणाला, "त्या सायबांनी डोळ्यानं खुनावलं ना... पन तुमी लय भारी बोललात, सायेब." आणि घोंगडी उचलून गेला लढाईवर.

बाकीचं नाटक मी विंगेतून बघितलं. राजावाचून कुठे काही अडलं नाही. उलट जरा भरभर झालं.

पुढे ऐका! दिग्दर्शनाचं बक्षीस गौरांगला, अभिनयाचं बाळाजी गुरुजींना. परीक्षक म्हणाले, राजाला आजारी पाडण्याची कल्पना अप्रतिम! मला वाटलं गौरांग निदान भांडेल तरी. त्याने मिठीच मारली! "काय दिलंस रे! आता हेच ठेवायचं. प्रत्येक प्रयोगात तू नाही म्हणायचंस." म्हणजे माझं बंडसुद्धा त्याच्या स्क्रिप्टमध्ये! मला उशीर झाला की तो खोकतो. खोकला की मी बंड करायचं!

चांदवडच्या प्रयोगाला मी चिडलो. म्हटलं, आज बंड म्हणून होच म्हणतो, बघू काय करतो ते! तो खोकला, मी म्हटलं, "आमची काही हरकत नाही." तर लगेच दिवाणांना म्हणतो, "अभिनंदन दिवाणसाहेब, महाराजांचा ताप उतरला!" हशा! टाळ्या! शिक्का! ठप्प!

आता बोला. हो म्हटलं तरी त्याचं, नाही म्हटलं तरी त्याचं. रविवारी मालेगावला प्रयोग आहे. नाही, जाणार आहे ना मी... या खेपेला जीपमध्ये मागे सामानात नाही, पुढे बसवतो म्हणालाय गौरांग.