गाय फुगली, पहिला कोण?

...आणि वर मलाच विचारतात, ‘सुमंतराव, हे असं कसं?’ मला काय माहीत असं कसं! तुम्हाला सांगतो, भिंगारात बसून आम्ही कोपरगावकडच्या लोकांसाठी एक ॲप बनवलं... प्लंबर, गवंडी, जनावरांचा डॉक्टर, काय हवं ते मराठीत टाका, योग्य माणूस सगळ्यात वर! आणि वर कोण येणार ते ठरवणारं गणित माझं. माझं स्वतःचं! परवा सकाळी ऑफिसात एका दगडाबाईंचा फोन...

‘आवं सायेब, माजी गाय फुगली हाय! मोबाईलात ‘गाय फुगली’ लिव्हलं, पयला नंबर आला त्याला फोन लावला, तर त्यो इचारतो, वाढदिवस कितवा? मी म्हनलं, तिसऱ्या वेताची हाय. तर म्हनतो, मग तीनचा आकडा सोनेरी देऊ का!’

मी डॉक्टरांचा नंबर शोधून सांगेपर्यंत फोन कट! परत लावतो तर लागेना. घाबरून स्वतः टाकून बघितलं... पहिला कोण? कानिफनाथ फुगेवाले!

बरं, ‘फुगली’ आणि ‘फुगे’ यात यंत्र चुकलं, समजू शकतो. पण डॉक्टर धनश्रींच्या नावापुढे गाय, म्हैस, पोटफुगी सगळं लिहिलेलं, त्या कुठं? तळाला! ‘गाय’ शब्दाला दुप्पट गुण दिले. पहिला कोण? फुगेवाला. दहापट दिले... फुगेवाला! इकडे माझ्या डोळ्यांसमोर ती गाय फुगतीये, फुगतीये, आणि मला काही म्हणजे काही कळत नाहीये हो!

शेवटी शेजारच्या टेबलावरून नीलांबरी म्हणाली, ‘गणित काय आहे तुझं?’

‘शब्द जुळल्याचे गुण, गुणिले लोकांनी दिलेले तारे.’

‘डॉक्टरांना तारे किती?’

‘एकही नाही. गेल्या आठवड्यात तर नाव घातलं, आणि गाय थोडीच तारे देणार?’

‘मग शून्यानं गुणल्यावर काय येतं रे?’

चौथीतलं गणित हो! कुणाला सांगू नका. गुणाकार काढला, ताऱ्यांची चिमूटभर बेरीज ठेवली... डॉक्टर पहिल्या!

तेवढ्यात दगडाबाईंचा फोन लागला. मी घाईघाईनं विचारलं, ‘गाय...?’

‘बरी हाय की! त्यो फुगेवाला लई गुनाचा. त्याला उमगलं तसा डॉक्टरीनबाईला गाडीवर बसवूनच घिऊन आला. बाईंनी पोटातला वारा काढला. आता वैरन खातीया.’

खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

‘आन सायेब, तुमी तारे मागता न्हवं? दिले! पाचच्या पाच! वर लिव्हलं बी, ‘गाय फुगली हुती, वाचिवली.’’

‘वा! डॉक्टरांना ना?’

‘न्हाई वो, फुगेवाल्याला!’

आता लोकांनी लिहिलेले शब्दही आम्ही गुणांत धरतो. टाकून बघितलं... पहिला कोण? विचारू नका. दोन दिवस झाले तपासतोय, आणि तुम्हाला सांगतो, या खेपेला गणित अगदी बरोबर आहे!