भटूने धरलेला हात

आमच्या कोरीटचा भटू लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो ना, त्याच्या जुन्या अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, गेले. तसेच मिळेनात, म्हणून दुसऱ्याच प्रकारची जोडी घेऊन तो माझ्याकडे दुरुस्तीला आला. दुसऱ्या दिवशी सुपारी होती.

"सॉकेटमा बठतस ना? मंग कर चालू," तो म्हणाला.

मी सांगितलं की नुसते बसून भागत नाही, करंट जास्त गेला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. तो नवा भार सोसेल याची खात्री केली, आत साठलेली वीज उतरवली, काही उरली नाही ना ते मोजून पाहिलं, एका पिनची जोडणी बदलली. राहिला बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट बेताचा करणं. ते मात्र मागची बाजू उघडी ठेवून, वीज चालू असतानाच करावं लागतं. तेव्हा डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे शॉक एका हातातून दुसऱ्यात, छातीतून जात नाही. माझ्या लेंग्याला खिसा नव्हता.

"दे इकडे, मी धरी ठेवस," म्हणत भटूने माझा हात घट्ट धरला. तो अनवाणी होता.

"तुले करंट लागना ते माले बी लागी का?"

मी म्हणालो, आधी माझ्या छातीतून, मग तुझ्यातून जमिनीत.

भटू थेट दारात जाऊन उभा राहिला. मी हात नाडीत खोचून बायस लावला आणि गिटार अँप्लिफायरला जोडून त्याच्यापुढे धरली.

"पहिले तू वाजाड."

"माले गिटार येत नही, भटू."

"माले माहीत शे. तरी बी वाजाड."