पातळ सालीची करडी

(१९६४. अकोल्यातला दवाखाना, बायांची रांग. माझ्यापुढे सासू आणि सून.)

"जमने, त्या बियाण्याच्या फारमावर तुले काम काय असते वं?"

"करडीच्या फुलाइले पराग लावा लागते, आत्याबाई."

"पराग?"

"फुलातली पिवळी भुकटी. बापाकडची."

"थे काम तं माश्या करतात!"

"करतात ना. पन एक पातळ सालीचा वाण हाये. बी दाबलं का नुसतं तेल. साहेब म्हनते, हा तेलाचा गुन पिढीजात उतरते. पन त्याच गुनापायी झाड वाढीले नरम, अन् बी धरत नाई."

"मंग वांझच म्हना."

(सुनेनं पदर डोळ्यांना लावला.)

"तुले नाई म्हटलं, बाई! झाडाले म्हटलं. डोळे पूस."

"झाडबी वांझ नाई, आत्याबाई. दुसऱ्या झाडाचा पराग लावला का बोंड गच्च भरते."

"हे दुसऱ्याचं गावात नको सांगू कोनाले."

"त्याचा सोताचा परागच सुटत नाई, एवढंच."

"म्हंजे पोटात खोट नाई?"

"नाई."

"तेलकट, तुकतुकीत, अन् वाढीले नरम. माह्याच पोराची कहानी सांगून राहिली तू."

"हळू बोला. लोक आयकून राहिले."

"आयकू दे. साऱ्या गावानं आजवर तुलेच बोल लावले."

"जमुना डोमाजी! आत या."

"नर्सबाई, सून बसते इथंच. डोमा! अरे डोमा! थे भजे ठेव खाली अन् आत ये. आधी तुले तपासाचं हाये."