सगळंच महत्त्वाचं आहे हो

...नाही, पण मी म्हणतो, बटणाच्या रंगावर अख्खी सकाळ? तुम्हाला सांगतो, रक्तपेढीचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, कुठल्या गटाची पिशवी कुठे आहे ते सगळ्या दवाखान्यांना दिसावं म्हणून, आणि त्याचा आराखडा आला माझ्या गळ्यात. पहिल्याच बैठकीत हात जोडले, म्हटलं, "डॉक्टरसाहेब, या मागण्यांतल्या कुठल्या अशा आहेत, की मागाहून आल्या तर पायाच उकरावा लागेल? तेवढ्या आधी सांगा." तर मोठे डॉक्टर चष्मा पुसत, अगदी सावकाश, "कसंय... सगळंच महत्त्वाचं आहे हो."

आता यावर माणसाने करायचं काय? भांडारातल्या बाई म्हणाल्या, अक्षरं मोठी हवीत. घ्या. व्यवस्थापक म्हणाले, बटण लाल हवं, पण रक्तासारखं नको... रक्तपेढीत. घ्या. अहो, ही रंगरंगोटी, उद्या बदलून देतो. मी विचारतोय, एका वेळी किती दवाखाने जोडले जाणार, माहिती साठवणारं मधलं यंत्र बंद पडलं तर किती वेळ कळ काढाल... "सगळंच महत्त्वाचं आहे हो." घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "तुलाच नीट विचारता येत नसेल." झालं.

बरं, बांधलं. सगळी माहिती एका जागी, दवाखान्यांनी नेटवरून बघायची. दाखवलं, सगळे खूश, मी दाराशी बूट घालतोय, एक पाय आत, एक बाहेर, आणि डॉक्टर मागून म्हणतात, "नेट गेलं तरी चालतं ना हे? वादळात आमच्याकडे दोन-दोन दिवस नसतं."

मी बूट काढला.

"साहेब, हे आधी नाही का सांगायचं?"

"त्यात सांगायचं काय? पेशंट काय नेट येईपर्यंत थांबणार आहे?"

बोला आता. पाया उकरला. प्रत्येक दवाखान्यात माहितीची वेगळी प्रत, नेट आलं की सगळ्या प्रतींचा मेळ, आणि एकच पिशवी दोघांना जाता कामा नये... ऑफिसातली पोरं माझ्याशी बोलेनाशी झाली. मीही स्वतःशी फारसं बोलत नव्हतो.

मग वादळ आलंच. दूरच्या दवाखान्यात एक बाळंतीण, रक्तस्राव थांबेना, गट दुर्मिळ, नेट ठप्प. नर्सने तिथल्याच प्रतीत पाहिलं, पिशवी शेजारच्या गावात होती. गाडी गेली, पिशवी आली, आई वाचली, बाळही. मी इकडे फोन उशाशी घेऊन बसलेला, जेवण नाही, पाणी नाही.

सकाळी मोठ्या डॉक्टरांचा फोन. "काल नेट गेलं होतं म्हणे?"

"हो साहेब."

"अच्छा. आम्हाला कळलंच नाही." आणि ठेवला.

आमच्या धंद्यात, तुम्हाला सांगतो, यालाच सत्कार म्हणायचं.