आडाविरुद्धचा जुना अर्ज

हॅलो?… कोण?… सिंधू व्हय! बोल बोल… काय? मोठ्यानं बोल, तुझ्या दौंडची मालगाडी मधीच बोलतीय.

हो, हो… आल्या होत्या ना. पुण्याच्या पुरातत्त्ववाल्या मॅडम. आत्ताच गेल्या.

घरं?… अगं ऐक ना. उभी हायत. चारी उभी हायत, आन् उभीच राहणार!

…रडतीस काय येडे? भावाकडनं पुढचं ऐकायचं असंल तर डोळं पूस.

न्हाई, सरळ न्हाई झालं. आपल्या पेन्शनर आळीत सरळ काय होतं? सकाळी तर हरल्यातच जमा होतो.

का म्हंजी? ग्रामपंचायतीनं लिहून दिलं होतं ना… ही घरं एकोणीसशे ऐंशी सालची, पाडा, आन् कारेगावच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याच्या खोल्या बांधा. आपल्याला फक्त एवढं दाखवायचं होतं, की घरं पणजोबांच्या हातची हायत. फलटणीतनं पेन्शन घेऊन आले, गावकीची कामं करणार न्हाई म्हणाले, आन् माळावर चौघा पेन्शनरांनी स्वतःची घरं बांधली… तुला म्हाईत हाय गं. मॅडमना कुठं म्हाईत होतं?

मग काय… भिमाजी. आपला चुलतभाऊ असताना दुश्मन कशाला पाहिजेत? जयंतीचा निळा रंग उरला होता. पाव्हणी येणार, घरं कळकट दिसतात, म्हणून काल चारी घरं रंगवली. ऑइल पेंट… हो, दगडालासुद्धा. सव्वाशे वर्षांचा दगड, पण परवाच दुकानातनं आणल्यावानी.

मॅडमनी बोट लावलं. निळं झालं… न्हाई, रागावल्या न्हाईत. नुसतं बोटाकडं बघत राहिल्या. ते जास्त वाईट.

पणजोबांचं फलटणीतलं पदक? ते झुंबरबाई आत्यानं चिंचेनं घासलं. आत्याचं घासणं तुला म्हाईत हाय… त्यावरच्या राणीचं नाक गेलं, सिंधू. आन् पेन्शनचा कागद भिमाजीनं शिक्रापूरला नेऊन लॅमिनेशन केला… हो, गरम मशीनमधी, करपला. आता चकाकतोय छान, वाचता तेवढा येत न्हाई.

बापूसाहेब होते की. माजी सरपंचाशिवाय पाहणी होती व्हय? ‘बघा मॅडम, ऐंशी सालचीच, काय म्हणलो होतो!’ हसू मिशीत मावंना.

मग? मग मॅडमना तहान लागली… अगं चेष्टा न्हाई, ऐक. आत्यानं परसातल्या आडाचं पाणी काढून दिलं. मॅडमनी विचारलं, हा आड कवाचा? आत्या म्हणली, गावच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते तवाचा.

झालं! बापूसाहेबांच्या अंगात घराणं आलं. म्हणले, ‘हा आड पहिल्यापासनं बेकायदा! माझ्या आज्यानं अठराशे शहाण्णव साली याच्याविरुद्ध मामलेदाराकडं अर्ज दिला होता. नक्कल घरात हाय. आमच्यात कागद टाकून देत न्हाईत!’

…हो ना! मी हललोसुद्धा न्हाई. म्हणलं, आपण हललो तर काय बोलून बसलो ते यांच्या ध्यानात येईल.

मॅडम म्हणल्या, बघायला मिळेल का?

अगं, आणला! स्वतः जीप घेऊन गेले, रेशमी रुमालात बांधून आणला. दर दसऱ्याला पूजा होती त्याची. पण कागद मोडीत, वाचलाय कुणी त्या घरात?… मॅडमना येती ना मोडी. मोठ्यानं वाचला, ‘सदरहू इसमांनी माळावर चार दगडी घरे बांधून परसात आड खणिला असून…’

थांब, हसू नकोस. मॅडमनी चष्मा काढला आन् विचारलं, ‘बापूसाहेब, मग ती ऐंशी सालची घरं कुठली?’

…रेशमी रुमालाची घडी घालायला लागले. मिशी बघत राहिली खाली.

जागच्या जागी लिहून दिलं मॅडमनी. एक दगड हलवायचा न्हाई, घरं जपायची शिफारस त्या करणार. जुन्या वस्तूंची खोली भिमाजीच्या घरात. आन् रंग त्यानंच खरवडायचा, चमच्यानं… न्हाई, चमच्याचं आत्यानं सांगितलं.

बापूसाहेब? ते जाताना म्हणले, माझ्या आज्याचा अर्ज पण लावा त्या खोलीत. आत्या म्हणली, पहिल्याच भिंतीवर लावते, बापू. एवढा पक्का साक्षीदार आम्हाला दुसरा कुठनं मिळायचा?

पण सिंधू… ऐक. अर्जात आरोपींची नावं हायत. पणजोबांचं हाय. आन् त्याखाली, आडाचं पहिलं पाणी जिनं काढलं, तिचं… हो. पणजीचं.

आपल्यात कुणाला म्हाईत होतं? आत्या जन्मायच्या आधीच ती गेली, आन् बायकोचं नाव घ्यायची रीत कुठं होती? आपण आपलं पेन्शनरीण, पेन्शनरीण.

साखरी. ‘साखरी, सदरहू शिपायाची बायको’, असं लिवलंय.

…हो, एकेरीच.

आत्या? आत्यानं मॅडमचा हात धरला. म्हणली, तुमच्या वहीत असं न्हाई लिवायचं. साखरबाई लिवा… लिवलं की! दोनदा वाचून घेतलं तिनं.

थांब… आत्या फोन मागतीय… काय गं आत्या?… न्हाई गं, नाव न्हाई सांगितलं. शपथ न्हाई सांगितलं… सिंधू, हळू ऐक. तिला स्वतः सांगायचंय तुला. पहिल्यांदाच ऐकतीस असं ऐक हां… घे आत्या, धर.